सातवीला गती शिकवताना स्क्रॅच: चेंडू पडतो, पण विज्ञान कुठे जातं?

सातवीच्या_बाई (धाराशिव जिल्हा)

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवते. प्रश्न लांबलचक आहे, पण थोडक्यात विचारलं की "मुलांना हसतखेळत शिकवा" अशी उत्तरं येतात, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

आमच्याकडे एका कंपनीच्या सीएसआरमधून आलेले दहा लॅपटॉप आहेत, त्यातले सात चालतात. सातवीचा पट एकतीस, म्हणजे एका लॅपटॉपला चार-पाच डोकी. नेट नाही, स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचं मुलांचं सॉफ्टवेअर) ऑफलाइन टाकून घेतलंय. संगणकाची तासिका वेळापत्रकात आहे पण शिक्षक नाही, त्यामुळे तीही माझ्याच गळ्यात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आणि संगणकीय विचार (प्रश्न नेमक्या पायऱ्या आणि नियमांत मांडणं) आलाय, प्रत्येक प्रशिक्षणात ते ऐकतो. मी म्हटलं, वेगळं कोडिंग शिकवून मांजर नाचवण्यापेक्षा ते विज्ञानातच घालावं. "गती, बल व कार्य" हा धडा घेतला.

काम असं दिलं: उंचावरून सोडलेला चेंडू कसा पडतो ते स्क्रॅचमध्ये करून दाखवा.

सातपैकी पाच गटांनी "फॉरएव्हर"मध्ये "चेंज वाय बाय -१०" टाकलं. म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या ठोकळ्यात (लूप) दर फेरीला चेंडू १० ठिपके खाली. चेंडू झकास पडला. एकाने खाली पोचल्यावर "पॉप" आवाज टाकला, एकाने मागे डोंगर आणि सूर्य लावला. मी विचारलं, खाली येताना चेंडूचा वेग वाढतो की तेवढाच राहतो? सगळा वर्ग एका सुरात: "वाढतोऽऽ." मग तुमच्या चेंडूचा वाढतोय का? शांतता. आणि मग मागून एक पोरगा: "पडायलाय की मॅडम चेंडू, अजून काय पायजे?"

हाच माझा प्रश्न आहे. त्याचं काय चुकलं? पडद्यावर चेंडू पडताना दिसतोय, मी सांगितलेलं काम झालंय. पुस्तकातलं उत्तर तोंडपाठ आहे आणि प्रोग्रॅममध्ये बरोबर त्याच्या उलट लिहिलंय, आणि दोन्ही एकाच डोक्यात सुखाने नांदतायत.

एका मुलीने वेगळं केलं. तिने लूप वापरलाच नाही. -५, थोडं थांब, -१०, थांब, -२०, -४०, -८० असे पाच ठोकळे हाताने एकाखाली एक लावले. म्हणाली, वेग वाढतो ना, म्हणून दरवेळी दुप्पट केला. तिला बरोबर म्हणू का चूक, मला सुचेना. मी "छान" म्हणून पुढे गेले.

बाकीच्या अडचणी: वाय-अक्ष, ऋण दिशा हे सगळं आधी समजवावं लागलं. ऋण संख्या सहावीत झाल्यात, पण निर्देशक भूमिती येते नववीला. दोन तासिका त्यातच गेल्या, आणि तासिका पस्तीस मिनिटांची. मुख्याध्यापक म्हणतात, विज्ञानाचा तास विज्ञानाला ठेवा, प्रयोगवही अपुरी आहे. तेही खोटं नाही.

तर विचारायचंय असं: कोणी सहावी-सातवी-आठवीला हे खरंच केलंय का, आणि त्यात विज्ञान टिकवायला काय केलं? आणि मॉडेल पडद्यावर "बरोबर दिसतंय" पण आतून चूक आहे, हे मुलांना मी न सांगता त्यांच्याच लक्षात कसं आणायचं?


चिकित्सक_७२

बाई, तुमची तळमळ दिसते, पण स्पष्ट बोलतो. आठवीच्या मुलाला थर्मामीटरवरचा पारा वाचता येत नाही, मोजपट्टी शून्यापासून लावायची की एकपासून हे माहीत नाही, आणि आपण त्यांना संगणकीय विचार शिकवणार. आधी चेंडू हातात द्या. पडद्यावरचा चेंडू कधीच विज्ञान नसतो, तो तुम्ही सांगाल तसा पडतो. वर पडायला सांगितलं तर वरही पडेल.

दर दहा वर्षांनी एक नवीन फॅड येतं आणि मास्तरांच्या डोक्यावर बसतं. ज्ञानरचनावाद आला, डिजिटल शाळा आली, आता हे. पुढचं येईपर्यंत तुमचे उरलेले सात लॅपटॉप पण बंद पडलेले असतील.


निवृत्त_फिजिक्स (सांगली)

चिकित्सक यांचं शेवटचं वाक्य सोडून देतो, पण "वर पडायला सांगितलं तर वरही पडेल" हे त्यांनी लाख बोलले. नेमकं तिथूनच सुरू करायचं. पडद्यावरच्या चेंडूला गुरुत्वाकर्षण माहीत नाही. त्याला नियम आपण देतो, म्हणून नियम कुठून आणला हे प्रत्येक गटाला विचारता येतं. पुस्तकातल्या वाक्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

बाई, तुमच्या त्या मुलीला "छान" म्हणून सोडू नका. वर्गात सगळ्यात पुढे ती आहे. वेग वाढतो हे तिने नुसतं म्हटलं नाही, किती वाढतो याचं उत्तर दिलंय. ते चूक आहे, पण तपासता येईल असं चूक आहे. बाकी तीस जणांच्या उत्तरात तपासायला काही नाहीच.

तपासायचं कसं, ते सांगतो. सातवीला दशांशाचा त्रास नको म्हणून गुरुत्वीय त्वरण ९.८ ऐवजी १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरा. चेंडू सोडल्यापासून दर ०.१ सेकंदाला तो एकूण किती सेंटिमीटर खाली आला, हे असं येतं: ५, २०, ४५, ८०, १२५. आता मुलांना सूत्र देऊ नका. फक्त वजाबाकी करायला सांगा. प्रत्येक ०.१ सेकंदात किती पडला? ५, १५, २५, ३५, ४५. पुन्हा वजाबाकी: १०, १०, १०, १०. दोनदा वजाबाकी, बास. १, ३, ५, ७, ९ या विषम संख्यांचं प्रमाण गॅलिलिओने उतारावर गोळे घरंगळवून काढलं आणि १६३८ साली छापलं. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, भांड्यातून गळणारं पाणी तोलून तो वेळ मोजायचा.

आता त्या मुलीचे आकडे शेजारी मांडा: ५, १०, २०, ४०, ८०. सुरुवात दोघांचीही ५ ने. दुसऱ्या टप्प्याला तिचा आकडा मागे पडतो, चौथ्यापासून पुढे जातो. तिला म्हणा, तुझा नियम एक सेकंदापर्यंत चालव. दहाव्या टप्प्याला तिचा चेंडू ०.१ सेकंदात २५६० सेंटिमीटर पडेल, म्हणजे ताशी नऊशे किलोमीटरच्या वर. प्रवासी विमान साधारण तेवढ्याच वेगाने जातं. खरा चेंडू एका सेकंदानंतर ताशी ३६ किलोमीटरला असतो, चांगल्या दमाच्या सायकलपटूइतका. तुम्ही चूक म्हणायची गरजच नाही. नियम पुढे पळवला की तो स्वतःच उघडा पडतो, आणि पुढे पळवायला कॉम्प्युटर लागतो. चिकित्सक, हे काम हातातल्या चेंडूने होणार नाही.

मोजायचं मात्र खऱ्या चेंडूनेच. भिंतीवर खडूने दर दहा सेंटिमीटरला रेघ मारा, एकाने चेंडू सोडायचा, दुसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असतो, म्हणजे तीन फ्रेमला ०.१ सेकंद. लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून "ई" हे बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. चेंडू कुठल्या रेघेवर आहे ते मुलं वहीत लिहितील. प्रयोगवहीसुद्धा भरते, मुख्याध्यापकही खूश.

अजून एक गंमत आहे, पण ती नंतर. आधी हे करून बघा.


सातवीच्या_बाई

सर, तुम्ही दोनदा वजाबाकी म्हणालात तेव्हा मला आधी वाटलं हे सातवीच्या डोक्यावरून जाईल. मग आठवलं, वजाबाकी तर त्यांना तिसरीपासून येते. नुसतं "त्वरण म्हणजे वेगातील बदलाचा दर" हे त्यांच्या डोक्यावरून जातंय.

शनिवारी करून बघते. चिकित्सक, मोजपट्टीचं तुमचं खरं आहे, आमच्याकडेही अर्धा वर्ग एकपासूनच लावतो. पण त्यांना मोजपट्टी नीट लावावीशी वाटेल असं कारण मी आजवर दिलं नव्हतं.


कोयनाकाठ (पाटण, सातारा)

मी आठवीला परिसंस्था शिकवतो आणि माझ्याकडे चालू लॅपटॉप एकही नाही. तरी गेल्या वर्षी संगणकीय विचार शिकवला असं छातीठोक सांगतो.

आमच्याकडे फेब्रुवारी लागला की डोंगराला वणवे लागतात. बरेचसे माणसांनीच लावलेले. गवत जाळलं की पुढच्या साली जोमानं येतं ही समजूत अजून आहे. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढतं, काही मुलांचे वडील त्या कामावर जातात. तर मी शाळेच्या पटांगणात चुन्याने दहा बाय दहाचा चौकोन आखला. शंभर घरं. प्रत्येक घरासाठी एकदा फासा टाकायचा. १, २, ३ आलं तर तिथे चिंचोका ठेवायचा, ते झाड. ४, ५, ६ आलं तर मोकळं. मग पश्चिमेच्या कडेच्या सगळ्या झाडांना आग लावायची, म्हणजे चिंचोका उचलून खडा ठेवायचा. नियम एकच: पेटलेल्या झाडाच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे झाड असेल तर पुढच्या फेरीला ते पेटतं. तिरकं नाही.

निम्म्या घरांत झाडं असताना आग बहुतेकदा मधेच विझली. मग नियम बदलला: १ ते ४ आलं तर झाड, म्हणजे साधारण ६७ टक्के. आता बहुतेकदा पार पूर्वेच्या कडेपर्यंत गेली. झाडं फक्त थोडी वाढली आणि निकाल एकदम पालटला, हे मुलांना पटेना. त्यांचं म्हणणं होतं की थोडी जास्त झाडं तर थोडी जास्त आग. पुन्हा फासे टाकायला लावले मला. निकाल जिथे पालटतो तो झाडांच्या प्रमाणाचा उंबरठा खूप मोठ्या जाळीत ५९ टक्क्यांच्या जरासा वर असतो, आणि फाशाची तीन आणि चार ही दोन तोंडं त्याच्या बरोबर दोन्ही बाजूंना पडतात, हे नशीबच. उरी विलेन्स्कींच्या नेटलोगो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच मॉडेल तयार मिळतं, मी ते घरी बघून पटांगणात उतरवलं.

पण खरं सांगायचं ते पुढे आहे. मी जाळरेषा म्हणून मधली एक उभी ओळ रिकामी केली. माझ्या नियमाप्रमाणे आग तिथे थांबलीच पाहिजे, थांबली. एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, हे खोटंय. आमच्या आण्णांनी सांगितलंय, वारा असला की ठिणगी पलीकडं जाते." दुसरी म्हणाली, आणि आग चढाला पटापट जाते, उताराला सावकाश. बरं, मग नियम बदला म्हटलं. त्यांनी ठरवलं: जाळरेषेला टेकलेलं झाड पेटलं की फासा टाकायचा, सहा आला तर ठिणगी एक घर ओलांडते. मग जाळरेषा दोन ओळींची करून पाहिली.

बाई, तुमच्या पोरांना चेंडूच्या मॉडेलमध्ये भांडायला जागा नाही, कारण चेंडू कसा पडतो याबद्दल त्यांचं स्वतःचं असं मत नाही. वणव्याबद्दल आहे. धाराशिवला वणवा नसेल, पण बोअरचं पाणी असेल, सोयाबीनवरचा यलो मोझॅक रोग असेल. पांढऱ्या माशीमुळे तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, हेच चौकोन, हाच फासा.

आणि हो, हे सगळं लिहायला मजा वाटते, पण चुना आखण्यापासून चिंचोके गोळा करण्यापर्यंत सगळं धरून बरेच तास गेले. धडा मागे पडला तो मार्चमध्ये धावत संपवला. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो.


एडिसनकर (न्यू जर्सी)

मी इथे मिडल स्कूलला सायन्स शिकवते. वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे प्रत्येक मुलाला क्रोमबुक आहे आणि अडचण अगदी तीच आहे. इथल्या विज्ञानाच्या मानकांमध्ये (२०१३ ची, आमच्या राज्याने २०१४ ला स्वीकारली) गणित आणि संगणकीय विचार ही आठ मुख्य सवयींपैकी एक आहे, मॉडेल बनवणं ही दुसरी. कागदावर छान. वर्गात मुलं सिम्युलेशनचे (पडद्यावरच्या नकली प्रयोगाचे) स्लायडर व्हिडिओ गेम खेळल्यासारखे शेवटपर्यंत ओढतात, सगळे ससे मरतात, हशा होतो, तास संपतो.

माझे दोन नियम आहेत. पहिला: "रन" दाबण्याआधी काय होईल ते वहीत पेनाने लिहायचं, पेन्सिलने नाही. दुसरा: कोऱ्या पडद्यापासून कधीच सुरुवात करायची नाही. मी चालू प्रोग्रॅम देते, आधी तो वापरायचा, मग त्यातला एक नियम बदलायचा, मग स्वतःचा करायचा. वापरा, बदला, घडवा हा क्रम इथे बऱ्याच जणांच्या अंगवळणी पडलाय. सातवीच्या मुलांना एकाच वेळी स्क्रॅच, ऋण वाय आणि त्वरण असं तिहेरी ओझं दिलं की सगळ्यात अवघड जे असेल ते खाली पडतं, आणि ते नेहमी विज्ञानच असतं. सातवीच्या बाई, तुम्ही -१० वाला चेंडू स्वतः बनवून द्या, आणि काम एवढंच: याला खऱ्या चेंडूसारखा करा.

तयार सिम्युलेशनं हवी असतील तर कोलोरॅडो विद्यापीठाची फेट आहेत, बरीच मराठीतही आहेत आणि उतरवून घेतली की नेट लागत नाही. स्थितिक विद्युतच्या धड्याला फुग्याचं छान आहे. पण त्यात नियम आत बंद असतात, मुलाला दिसत नाहीत. बघायला उत्तम, भांडायला नाही. कोयनाकाठ यांचा तो ठिणगीवाला मुलगा फेटपुढे काहीच करू शकला नसता.


चिकित्सक_७२

कोयनाकाठ, तुमचं पटलं. पण मग त्याला संगणकीय विचार कशाला म्हणायचं? फासे आणि चिंचोके आहेत. आपण याला प्रयोग म्हणत आलो.


कोयनाकाठ (पाटण, सातारा)

तुम्ही काय वाटेल ते म्हणा, माझी हरकत नाही. पण प्रयोगात मुलगा निसर्गाला विचारतो. इथे त्याने आधी नियम इतका चोख सांगायला लागतो की दुसऱ्या कोणीही, न विचारता, तो पाळू शकेल. "आग पसरते" हे चालत नाही. कुठल्या घरातून कुठल्या घरात, कधी, किती वेळा. माझी मुलं "तिरकं पेटतं का?" यावर भांडली, कारण नियमात ते लिहायचं राहिलं होतं. ही सवय प्रयोगवहीत लागत नाही. कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं फळ्यावरून उतरवलेलं असतं.

पुण्यातून चालणारा एसीएम इंडियाचा सीएसपाठशाला उपक्रम आहे, त्यांचे असे कॉम्प्युटरविना करायचे पाठ आहेत, आणि बेब्रास ही स्पर्धाही. ती मूळची लिथुआनियातली, २००४ पासूनची. तिचे प्रश्न सातवीला द्या, चांगले असतात. मात्र ते कोड्यांसारखे आहेत, विज्ञान आपल्याला घालावं लागतं.


सातवीच्या_बाई

शनिवारी केलं. जसं झालं तसं लिहिते.

टेनिस बॉल, व्हरांड्याची भिंत, माझा मोबाइल. पहिल्या व्हिडिओत चेंडू नेमका कुठल्या फ्रेमला सुटला यावरच दहा मिनिटं वाद. एक गट म्हणे हात उघडला तेव्हा, दुसरा म्हणे चेंडू हलला तेव्हा. मी मध्ये पडले नाही. शेवटी ज्या आकड्यांवर सगळ्यांचं एकमत झालं ते असे: ४, १७, ४३, ७६, १२१. पहिली वजाबाकी: ४, १३, २६, ३३, ४५. दुसरी: ९, १३, ७, १२.

मुलं नाराज. सरांचं १०, १०, १०, १० मी त्यांना सांगितलं नव्हतं, तरी "मॅडम, हे काहीच जुळंना" असं झालं. मग मी त्या मुलीचे आकडे फळ्यावर लिहिले, तिच्या परवानगीने, आणि त्यांचीही वजाबाकी करायला लावली. ५, १०, २०, ४०. ती स्वतःच म्हणाली, माझी वजाबाकी वाढतच चाललीय, ह्यांची तिथंच घोटाळतेय. घोटाळतेय हा तिचा शब्द. मग कितीच्या आसपास घोटाळतेय? दहा. हे वर्गातून आलं.

एडिसनकर ताईंचं ऐकून -१० वाला तयार प्रोग्रॅम दिला आणि "वेग" नावाचं एक व्हेरिएबल (बदलता आकडा ठेवायचा डबा) आधीच करून ठेवलं. दोन ठोकळे लावायचे होते: वेग १० ने वाढवा, चेंडू वेगाइतका खाली न्या. "पडायलाय की" वाल्याने सगळ्यात आधी लावले. त्याला विचारलं, आधीचा पण पडतच होता, मग हा कशाला बदलला? "ह्यो खऱ्यासारखा पडायलाय." कशावरून? त्याने वही पुढे केली.

पण आता नवीन भानगड. दोन गटांनी तेच दोन ठोकळे लावले, आणि आकडे वेगळे. एकाचे १०, ३०, ६०, १००, १५०. दुसऱ्याचे ०, १०, ३०, ६०, १००. सरांचे तर ५, २०, ४५, ८०, १२५ आहेत. दोघांचेही चुकले की माझंच काही चुकतंय?

आणि दुसरं, जुन्या दोन लॅपटॉपवर चेंडू सावकाश पडतो. मुलं म्हणाली, ह्या कॉम्प्युटरमध्ये गुरुत्वाकर्षण कमी आहे.


निवृत्त_फिजिक्स (सांगली)

वा! मी राखून ठेवलेली गंमत तुमच्या मुलांनी आपणहून काढली.

कोणाचंच चुकलेलं नाही. एका गटाने आधी वेग वाढवला मग चेंडू हलवला, दुसऱ्याने आधी हलवला मग वेग वाढवला. ठोकळ्यांचा क्रम फिरलाय. आता दोघांच्या आकड्यांची सरासरी काढायला सांगा. १० आणि ० ची ५. ३० आणि १० ची २०. ६० आणि ३० ची ४५. पुढे ८०, १२५. तंतोतंत.

कारण साधं आहे. खरा चेंडू त्या ०.१ सेकंदात सतत वेग वाढवत असतो. एक गट टप्प्याच्या शेवटचा वेग पूर्ण टप्प्याला लावतो, म्हणून पुढे जातो. दुसरा सुरुवातीचा वेग लावतो, म्हणून मागे राहतो. खरं मधे असतं. टप्पा ०.१ ऐवजी ०.०५ सेकंदाचा केला (वेगातली वाढ दर टप्प्याला १० ऐवजी २.५ ठेवून) तर दोघंही खऱ्याच्या जवळ येतात. पहिल्या गटाचा १५० चा आकडा पूर्ण पंचवीसने उतरत नाही, पण साडेबारा तरी उतरतो, १३७.५ होतो. हवामानाच्या अंदाजाची मोठी मॉडेलंही वेळाचे असेच छोटे टप्पे पाडून पुढे जातात. सातवीला एवढं सांगू नका, पण क्रम फिरवला तर उत्तर फिरतं हे त्यांनी स्वतः पाहिलंय, ते वहीत लिहून ठेवायला लावा.

आणि ९, १३, ७, १२ पुसून टाकायला सांगू नका हं. टेनिस बॉल भिंतीवर मोबाइलने मोजला तर असेच येणार. सरासरी काढा, १०.२५. फार उत्तम आहे.


ठोकळेवाला (पुणे)

कमी गुरुत्वाकर्षणाच्या लॅपटॉपबद्दल. स्क्रॅचमध्ये "फॉरएव्हर" साधारण सेकंदाला ३० वेळा फिरतो, जुनं यंत्र धापा टाकत असेल तर कमी. त्यामुळे पडद्यावरच्या वेळेवर विसंबूच नका. "वेळ" नावाचं आणखी एक व्हेरिएबल करा आणि प्रत्येक फेरीला त्यात ०.१ मिळवा. चेंडू खाली यायला भिंतीवरच्या घड्याळाने दोन सेकंद लागोत की पाच, मॉडेलमधला वेळ तोच राहील. फेरीच्या शेवटी "वेळ" आणि "उंची" दोन वेगळ्या लिस्टमध्ये टाकत जा, आकडे आयते वहीत उतरवता येतात, डोळ्यांनी पकडायला नको.

मापाचं: स्क्रॅचचा पडदा ४८० बाय ३६० ठिपक्यांचा असतो, वाय वर १८० आणि खाली -१८०. एक सेंटिमीटर म्हणजे दोन ठिपके धरा आणि चेंडू वाय १८० वरून सोडा. ०.६ सेकंदात चेंडू १८० सेंटिमीटर येतो, बरोबर ३६० ठिपके. पहिल्या गटाचा चेंडू त्याआधीच जमिनीत जाईल, तेवढं सांभाळा. "वेग" हा सेंटिमीटरमध्येच ठेवा आणि दोनने गुणणं फक्त हलवायच्या ठोकळ्यात करा, नाहीतर मुलांचे आकडे दुप्पट येतील आणि पुन्हा तासभर शोधाशोध.


सातवीच्या_बाई

सगळ्यांचे आभार. सरासरी मुलांना काढायला लावली नाही अजून, ती बुधवारी. त्याआधी दोन्ही गटांना एकमेकांचे ठोकळे फक्त बघायला देणार आहे, फरक शोधा म्हणून.

आता शेवटची शंका, कोयनाकाठ सर, तुम्हालाच. हे गुण कुठे द्यायचे? संकलित चाचणीत तर "त्वरणाची व्याख्या लिहा" असंच येणार.


कोयनाकाठ (पाटण, सातारा)

संकलितमध्ये काही करता येत नाही, तिथे व्याख्याच लिहू द्या. पण आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रात्यक्षिक आहे, उपक्रम आहे, प्रकल्प आहे, तोंडी काम आहे. मी वणवा "प्रकल्प"मध्ये घातला आणि गुण आग कुठवर गेली याला दिले नाहीत. तीन गोष्टींना दिले: नियम दुसऱ्या गटाला वाचून पाळता आला का, आधी लिहिलेला अंदाज आणि निकाल यात फरक का पडला ते सांगता आलं का, आणि मॉडेलमध्ये काय खोटं आहे ते एक तरी सांगितलं का. तिसऱ्याला सगळ्यात जास्त. नोंदवहीत एवढंच लिहिलं, केंद्रप्रमुखांनी काही विचारलं नाही.

तुमच्याकडे तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे. टेनिस बॉलऐवजी वहीचा कागद सोडायला सांगा. कागद त्या दोन ठोकळ्यांचं ऐकणार नाही.